चौथा तुकडा

१

थाळी परत न्यायला शेजारीण आली, तेव्हा कौशिक पानसेच्या दाराला आतून कडी लावलेली नव्हती. तिने हाक मारली, दार ढकललं आणि उंबऱ्यातच खाली बसली. तिच्या किंचाळण्याने जयपूरच्या सोडाला भागातली ती गल्ली जमा झाली.

कौशिक कुशीवर पडला होता. डोक्याची उजवी बाजू आत गेली होती. दोन्ही हातांची बोटं मोडली होती; मार अडवायला त्याने हात डोक्यावर घेतले असणार. पुस्तकं आडवी पडू नयेत म्हणून फळीच्या दोन टोकांना संगमरवरी हत्ती ठेवलेले असत. त्यातला एक त्याच्याशेजारी रक्तात होता. त्याची सोंड तुटली होती. ती नंतर शवविच्छेदनात मिळाली, गालाच्या हाडात. मारणारा पहिल्या घावावर थांबला नव्हता. कौशिक हलायचा थांबल्यावरही थांबला नव्हता.

आदल्या दिवशी, एप्रिल २००५ च्या पहिल्या शनिवारी, शीतलाष्टमी होती. त्या दिवशी जयपूरच्या घरांत चूल पेटत नाही. आदल्या रात्री रांधलेला थंड बासोडा जेवतात, शेजारी देतात. शेजारणीने दुपारी दिलेली थाळी टेबलावर अर्धी संपलेली होती.

संध्याकाळपर्यंत पोलिसांनी संकेत गोखलेला उचललं. कारण सोपं होतं. मागच्या रविवारी संकेतने कौशिकचं डोकं तिघांसमोर भिंतीवर आपटलं होतं. कौशिकच्या नाकातून रक्त येत असताना तो ओरडला होता, "पुन्हा बोललास तर जीव घेईन." आणि शनिवारी संध्याकाळी त्याची स्कूटर त्याच गल्लीत दिसली होती.

भांडण एका पुस्तकातल्या पात्रावरून झालं होतं.

२

"मैडमजी, किताब के पीछे कोई किसी को मारता है?" इन्स्पेक्टर शेखावत म्हणाले. "पर आपका भांजा ख़ुद कहता है, झगड़ा किताब पे था. अब मैं क्या करूँ?"

मंदाकिनी जोग समोरच्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या. विमा कंपनीत त्यांनी आयुष्यभर दाव्यांची चौकशी केली होती. जळालेली गोदामं आणि विहिरीत सापडलेल्या सुना हे त्यांचं रोजचं काम होतं. नवऱ्याच्या बदलीमुळे जयपुरात आल्या, नवरा गेल्यावर इथेच राहिल्या. संकेत त्यांच्या बहिणीचा मुलगा. बहीण सांगलीला अंथरुणाला खिळलेली होती आणि तिला अजून काही कळवलेलं नव्हतं.

"कबूल केलं त्यानं?"

"करेगा. शनिवार तक रिमांड है."

कसं करेल ते कोठडीत दिसलं. संकेतचा ओठ फाटला होता आणि श्वास घेताना तो डाव्या बरगडीवर हात दाबत होता.

"मावशी, मी माफी मागायला गेलो होतो. दार वाजवलं. कोणी उघडलं नाही. परत आलो."

"कडी लावलेली नव्हती दाराला. ढकललं का नाहीस?"

"दुसऱ्याच्या घराचं दार कोण ढकलतं?"

मंदाकिनीबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. हे वाक्य बनवलेलं नव्हतं.

"कशावरून मारलंस त्याला?"

संकेतने मान खाली घातली. "त्यानं ओर्विक मरतो ते सांगून टाकलं. बारा वर्षं झाली मावशी, पहिला खंड वाचला तेव्हा मी शाळेत होतो. शेवट त्याच्या तुकड्यात होता. चौथ्या. माझी पाळी यायच्या आत हसत हसत म्हणाला, ‘हात तोडतात रे त्याचे.’ माझं डोकं फिरलं."

मंदाकिनीबाई पुन्हा शेखावतांसमोर बसल्या. खोलीत काय काय मिळालं ते त्यांनी विचारलं. पाकीट जागेवर होतं. मोबाइल होता. लॅपटॉप होता. संकेतकडे तपकिरी कागदात शिवलेला पुस्तकाचा तुकडा असे, तो त्यांना आठवला.

"और भूरे काग़ज़ में सिली हुई किताब? पतली-सी?"

शेखावतांनी हवालदाराला बोलावून विचारलं. त्याने मान हलवली. तसलं काही नव्हतं.

खुनी पैसे, फोन, लॅपटॉप सगळं सोडून एका पुस्तकाचा शेवट घेऊन गेला होता.

३

‘सात वेशींची गाथा’ या इंग्रजी मालिकेचा आठवा खंड मार्चमध्ये आला. जयपुरातल्या पाच मराठी वाचकांनी त्याची एकच प्रत घेतली होती. ती उमाकांत देवधरांच्या सी-स्कीममधल्या फ्लॅटवर आली आणि नेहमीप्रमाणे कापली गेली.

"परवडत नाही म्हणून नाही हो," उमाकांत म्हणाले. बँकेतून निवृत्त झालेले, सत्तरीकडे झुकलेले, बोटांना कायम खळ लागलेली. "पहिल्या वेळी शहरात एकच प्रत मिळाली. सगळ्यांनाच घाई. मी म्हटलं, आणा इकडे. तेव्हापासून तीच रीत पडली."

त्यांनी हत्यारं दाखवली. मोच्याकडून घेतलेली कातडं कापायची धारदार रापी, दाभण, मेणाचा दोरा. गाथेतलं प्रत्येक प्रकरण नव्या पानावर सुरू होत असे, त्यामुळे प्रकरणं सुटी करणं सोपं जाई. मग त्यांचे चार तुकडे शिवायचे, तपकिरी कागद चढवायचा, खालची कड रापीने सरळ करायची. कौशिक, विनय, ऋचा, संकेत या क्रमाने तुकडे फिरत. रविवारी सगळे जमून वाचलेल्यावर भांडत. पुढचं बोलायला बंदी. शेवटी चारही तुकडे उमाकांतांकडे येत. ते खंड पुन्हा बांधत आणि सगळ्यांत शेवटी वाचत.

मंदाकिनीबाईंनी संकेतचा तुकडा चाळला. "यात पानांचे आकडेच नाहीत."

"ते कड सरळ करताना जातात," उमाकांत जरा ओशाळले. "पोरं चिडवतात. काका पुस्तकाचे पाय कापतात म्हणे."

"कौशिकशी शेवटचं बोलणं कधी झालं?"

"शनिवारी सकाळी. त्याचा फोन होता."

"काय म्हणाला?"

"काही नाही. माझ्या शिवणकामाची टिंगल." उमाकांतांनी रापी खणात ठेवली आणि खण जरा जोरातच लावला. "गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये, पण त्याला सवयच होती ती. नेटवर आधी सगळं वाचून यायचा आणि दुसऱ्याच्या तोंडावर फेकायचा. वाचायची मजा त्याला कमी, दुसऱ्याची घालवायची जास्त."

"मागच्या रविवारी आणखी काही झालं?"

"मारामारीच्या आधी तर उत्सव होता. पुण्याचा एक प्रकाशक गाथा मराठीत आणतोय. अनुवाद कौशिकचा. त्यानं तेव्हाच जाहीर केलं. विनय उठला आणि खालून पेढे घेऊन आला."

"आणि ऋचा?"

उमाकांतांनी आवाज खाली आणला. "तिनं पेढा घेतला नाही. तिचं आणि कौशिकचं लग्न ठरलं होतं, माहीत आहे ना? तिनं मोडलं. का, ते विचारा तिलाच."

४

ऋचा भिडे एका वास्तुरचनाकाराच्या कार्यालयात काम करत होती. तिने मंदाकिनीबाईंना घरात घेतलं, पाणी दिलं आणि उभीच राहिली.

"मावशी, सरळ विचारा."

"लग्न का मोडलं?"

ऋचाने कुर्त्याची बाही वर सारली. कोपराच्या वर भाजल्याचा जुना गोल डाग होता. सिगरेटचा.

"एका रविवारी मी चारचौघांत त्याचं मत खोडून काढलं. घरी सोडायला आला तेव्हा गाडीत हे केलं. म्हणाला, मतलब आता लक्षात राहील." तिने बाही खाली केली. "मेला त्याचं मला वाईट वाटत नाही. पण मी मारलं नाही."

"शनिवारी कुठे होतीस?"

"इथेच. एकटी. वाचत."

"दुसरा तुकडा?"

ऋचाने कपाट उघडलं आणि साड्यांच्या मागून एक जाडजूड पुस्तक काढलं. आठवा खंड, अखंड, न कापलेला.

"भावानं दिल्लीहून आणला. नियम मोडलाय. काकांना सांगू नका, त्यांना फार लागेल." ती पहिल्यांदा हसली. "कौशिकनं शेवट सांगायच्या आत मला वाचायचा होता. एवढंच."

शेवट माहीत असणारा आणखी एक माणूस निघाला होता. पण या माणसाला चौथा तुकडा चोरायची गरजच नव्हती.

"काय आहे शेवट? मी नाही वाचणार, सांग."

"राणी इस्मेल सातवी वेस उघडते. घाबरून. शत्रू आत शिरतो आणि ओर्विकला, तिच्या सेनापतीला, वेशीतच तोडतो. शेवटच्या पानावर ती स्वतःचे केस कापून त्याच्या छातीवर ठेवते. लोक म्हणतील बिचारी. मी म्हणते गद्दार. स्वतःच्या माणसाला मारलं तिनं."

मंदाकिनीबाईंनी मान डोलावली. निघताना त्या दारात थांबल्या. "कौशिक चांगला अनुवाद करायचा?"

"कौशिक?" ऋचा खो-खो हसली. "जयपुरात वाढलेला मुलगा. देवनागरी वाचायचा तो शाळेतल्या हिंदीच्या जोरावर. वेस म्हणजे काय, हे त्यानं विनयला विचारलं होतं!"

५

विनय खरे विमा कार्यालयात अधिकारी होता. मंदाकिनीबाई त्याच्या साहेबांना ओळखत होत्या, त्यामुळे चहा लगेच आला. विनयचा आवाज मऊ होता आणि टेबल स्वच्छ. उजव्या तळव्यावर पट्टी होती.

"काच लागली," तो म्हणाला. "संकेत कसा आहे? फार वाईट झालं. तो तापट आहे, पण खुनी नाही."

"शनिवारी तू कुठे होतास?"

"चाकसूला. एका दाव्याची पाहणी होती. शीतलामातेची जत्रा, मावशी! टोंक रोडवर बैलगाड्या, ट्रॅक्टर, माणसं. बसमध्ये नुसता अडकून पडलो. घरी पोचेपर्यंत दिवस मावळला."

हे खोटं ठरवता येत नव्हतं आणि खरंही. जत्रेच्या बसमध्ये कोण कोणाला ओळखतो? मंदाकिनीबाईंनी तो विषय तिथेच सोडला. दाव्यांच्या कामात त्या एक गोष्ट शिकल्या होत्या. आगीबद्दल माणूस तयारी करून बोलतो. आदल्या दिवशीच्या जेवणाबद्दल करत नाही.

"बरं, तुम्हा लोकांचं ते पुस्तक," त्या चहा ढवळत म्हणाल्या. "मला काही त्यातलं कळत नाही. ऋचा म्हणते, ती राणी गद्दार आहे."

विनयचा कप बशीवर वाजला.

"गद्दार? ऋचाला वाचता येतं का? इस्मेलनं ओर्विकचं प्रेत पाहिलंय. हात तोडलेलं. स्वतःचे केस कापून त्याच्यावर ठेवलेत. ज्या दरबारानं त्याला मरायला पाठवलं, त्या दरबारावर सूड घ्यायला ती वेस उघडते! शेवटच्या पानावर वेस उघडी आहे, वारा आत येतोय आणि पुस्तक संपतं. ही गद्दारी? अहो, अख्ख्या गाथेत एवढा मोठा क्षण नाही."

तो थांबला. मंदाकिनीबाई चहा ढवळतच होत्या.

"मंगळवारी कामासाठी दिल्लीला गेलो होतो," तो सावकाश म्हणाला. "तिथे एका सहकाऱ्याकडे खंड होता. शेवटची पानं बसून वाचून काढली. नियमात बसत नाही, पण आता बैठक तरी कुठे उरलीय?"

"खरंय," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "एकदा बसू या मात्र सगळे. कौशिकसाठी. काकांकडे, उद्या."

रस्त्यावर येताच त्यांनी शेखावतांना फोन लावला. पलीकडून मागे कोणाच्या तरी कण्हण्याचा आवाज येत होता. तो कोणाचा, हे त्यांना विचारावं लागलं नाही.

"लड़के को हाथ मत लगाइए, शेखावतजी. कल मैं आपको क़ातिल देती हूँ. बदले में एक घर की तलाशी चाहिए. ठीक उसी वक़्त."

६

उमाकांतांच्या दिवाणखान्यात खुर्च्या नेहमीसारख्याच मांडल्या होत्या. दोन रिकाम्या होत्या. शेखावत साध्या कपड्यांत दाराशी बसले. ऋचाने पिशवी मांडीवर ठेवली होती. विनय खिडकीजवळ होता.

"मी पुस्तकाबद्दलच बोलणार आहे," मंदाकिनीबाईंनी सुरुवात केली. "विनय, शेवटचं पान पुन्हा सांग. वेस की केस?"

"उघडी वेस."

"चूक," ऋचा म्हणाली. "केस. वेस त्याआधीच्या प्रकरणात उघडते."

"तू नीट वाचलंच नाहीस!"

ऋचाने पिशवीतून अखंड खंड काढून टेबलावर आपटला. उमाकांत ते बघतच राहिले. तिने शेवट उघडला. शेवटच्या दोन्ही प्रकरणांना नाव एकच होतं, ‘इस्मेल’. आधीच्यात वेस उघडत होती. शेवटच्यात राणी केस कापत होती. मधली कत्तल दोन्हींत कुठे लिहिलेली नव्हती. पानांचे आकडे एकामागून एक, सरळ.

विनय वाकून पाहत राहिला. त्याच्या तोंडावर भीती नव्हती. पाठ केलेली वाट भलत्याच दारात संपावी, तसा तो गोंधळला होता.

"दिल्लीच्या प्रतीत उलट होतं," तो म्हणाला. "छापखान्याची चूक असेल."

"छापखान्यात चूक झाली असती तर पानांचे आकडे पुढे-मागे दिसले असते. बारा वर्षं ही गाथा वाचणाऱ्याच्या ते नजरेतून सुटलं नसतं. तू वाचलेल्या पानांवर आकडे नव्हतेच." मंदाकिनीबाई वळल्या. "काका, शनिवारी कौशिकनं फोनवर टिंगल केली. नक्की कशाची?"

उमाकांतांचा चेहरा पडला. "सांगायची लाज वाटली मला. म्हणाला, काका, शेवटची दोन प्रकरणं तुम्ही उलटी शिवलीत. त्यानं नेटवर वाचलेलं, म्हणून कळलं त्याला. मी नाव बघून लावली होती, दोन्हींचं नाव एकच. पुढचं मी वाचत नाही, तर कळणार कसं? म्हटलं आण, उसवून देतो. तर म्हणाला, राहू दे, बाकीच्यांची गंमत बघू."

"म्हणजे वेस शेवटी उघडते, असा या शहरात एकच कागद आहे," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "तो कौशिकच्या टेबलावर होता आणि खुनानंतर नाहीसा झाला. काकांना चूक माहीत होती. ऋचाकडे बरोबर प्रत आहे. संकेत पहिल्या तुकड्यातच आहे. ती चूक खरी मानणारा माणूस एकच."

"नुसत्या मतावरून?" विनय हसला. "मी का मारेन त्याला? पेढे आणले मी."

"वेस म्हणजे काय ते ज्याला माहीत नव्हतं, त्याच्या नावावर गाथेचा अनुवाद निघणार होता. अनुवाद कोणाचा होता, विनय?"

विनयची मान हळूहळू वर आली.

"सात खंड," तो म्हणाला. आवाज अजूनही मऊच होता. "रोज ऑफिसातून आल्यावर. त्याला वाचायला दिले. फक्त वाचायला. शनिवारी मागायला गेलो, तर थंड पुरी खात बसला होता. म्हणाला, मतलब तुझं नाव कोण विचारतं? वर म्हणाला, शेवट ऐकायचाय का? आणि सांगायला लागला. मी म्हटलं गप्प बस. तो बोलतच राहिला. त्याचं तोंड..."

पुढे त्याने जे केलं ते कोणी ओळखलं नाही. तो उमाकांतांच्या खणाशेजारी उभा होता. खण उघडल्याचा आवाज आला आणि रापी त्याच्या हातात दिसली. तो मंदाकिनीबाईंवर धावला. उमाकांत मध्ये आले. रापी त्यांच्या तळहातातून आरपार फिरली, अंगठ्याच्या मुळापासून मनगटापर्यंत. रक्त उघड्या खंडावर पडलं. विनयने पुन्हा हात उगारला. ऋचाने तो जाड खंड दोन्ही हातांनी उचलून त्याच्या जबड्यावर घातला. दात तुटल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. तोवर शेखावतांनी त्याचं मनगट पकडून खिडकीच्या कठड्यावर आपटलं होतं. हाड मोडलं. रापी खाली पडली.

शेखावतांचा फोन वाजला. ते ऐकत राहिले, मग मंदाकिनीबाईंकडे वळले.

"मिल गई. भूरा काग़ज़, ख़ून में अँगूठे के निशान. छिपाई भी नहीं थी, मैडमजी. लिखने की मेज़ पर खुली पड़ी थी. साथ में मराठी के पन्ने." त्यांनी बेड्या काढल्या. "तर्जुमा कर रहा था."

जबडा धरून जमिनीवर बसलेल्या विनयने ऋचाकडे पाहिलं. तोंडातून रक्त आणि शब्द एकत्रच आले.

"वेस... तिनं आधी उघडली? नक्की?"

ऋचा उमाकांतांच्या हाताला ओढणी गुंडाळत होती. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की त्या अंगठ्यात सुई धरायची ताकद परत येणार नाही.

७

संकेतला सोडलं तेव्हा त्याला रिक्षात चढता येईना. मंदाकिनीबाईंनी त्याला कमरेत हात घालून बसवलं. शेखावत बाहेरपर्यंत आले आणि परत आत गेले.

रिक्षा सुरू झाली. प्रत्येक खड्ड्याला संकेत बरगडी धरत होता. मावशींनी त्याला सगळं सांगितलं, विनयचं, काकांच्या हाताचं, लेखनाच्या टेबलावर सापडलेल्या पानांचं. शेवट तेवढा गाळला.

त्याचा फाटलेला ओठ हलला तेव्हा शब्द नीट फुटेनात.

"मावशी, ओर्विक खरंच मरतो?"

मंदाकिनीबाईंना आता ओर्विक माहीत होता, इस्मेल माहीत होती, वेस कधी उघडते आणि केस कुठे पडतात, सगळं माहीत होतं. पिशवीत ऋचाने दिलेला खंड होता, कोपऱ्यात उमाकांतांच्या रक्ताचा डाग असलेला. त्यांनी तो काढून संकेतच्या मांडीवर ठेवला.

"तुझी पाळी आहे," त्या म्हणाल्या. "वाच."